'अजून कळलेलं नाही' हे पूर्ण उत्तर आहे

बाळ जन्मलं की आपण 'बाळ-बाळंतीण कशी आहे?' हे नंतर विचारतो. आधी विचारतो, 'काय झालं?' या प्रश्नाची आपल्याला दोनच उत्तरं चालतात. तिसरं उत्तर आलं की लेबर रूमपासून मोहल्ल्यापर्यंत सगळे अस्वस्थ होतात. पण तिसरं उत्तर खरं असू शकतं. काही बाळांच्या बाबतीत मुलगा की मुलगी हे अनुभवी डॉक्टरलाही नुसतं पाहून सांगता येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे : अशा वेळी 'अजून कळलेलं नाही, तपासण्या चालू आहेत' हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. आईबापांना ते ताठ मानेनं देता येत नसेल, तर त्यात बाळाचा काहीही दोष नाही. दोष आपला, विचारणाऱ्यांचा आहे.

हा प्रकार फार विरळा आहे असं समजून कुणी पान उलटू नये. बाह्य जननेंद्रियांवरून लिंग ठरवता येत नाही अशी बाळं साधारणपणे साडेचार ते पाच हजार जन्मांमागे एक असतात, असं वैद्यकशास्त्र सांगतं. आता आपल्या जिल्ह्याचा ढोबळ हिशोब करा. २०११च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या वर होती. हजारी १५ जन्म धरले तरी वर्षाला नव्वद हजारांहून जास्त बाळं होतात. म्हणजे या एका जिल्ह्यात दरवर्षी वीसेक घरांत हा प्रसंग येत असणार. ही वीस घरं आपल्याला दिसत नाहीत, कारण त्यांनी दार लावून घेतलेलं असतं.

असं होतं ते का, हे समजायला फार शिक्षण लागत नाही. गर्भात पहिले सहा-सात आठवडे सगळ्यांची जननेंद्रियं एकाच साच्याची असतात. पुढे गुणसूत्रं, ग्रंथी आणि त्यांतून पाझरणारी संप्रेरकं यांच्या सांगण्यावरून ती घडत जातात. या साखळीत कुठेही थोडा फेरफार झाला की घडण वेगळी होते. आईने ग्रहणात काही कापलं, बापाने कुणाचं वाईट केलं, कुणाची नजर लागली, यातलं काहीही त्याचं कारण नसतं. अशा शरीररचनेला इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी म्हणतात. ही शरीराची गोष्ट आहे. मोठेपणी ती व्यक्ती स्वतःला पुरुष मानेल की स्त्री की आणखी काही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तिचा आहे.

आमच्या नात्यातली गोष्ट

काही वर्षांपूर्वी जुन्या नाशकात राहणाऱ्या आमच्या नात्यातल्या एका जोडप्याला असं बाळ झालं. ओळख पटेल असे तपशील मी गाळतो आहे. त्या दवाखान्यात सिस्टरने बाळ दाखवायला आणलं आणि चार नातेवाइकांसमोर म्हणाली, 'इसका कुछ समझ में नहीं आ रहा.' आई अजून आत टेबलावर होती. तिला कळण्याआधी ही बातमी दुधाच्या दुकानापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी बाळाला पाहायला जे आले, त्यांतल्या निम्म्यांना बाळाचा चेहरा पाहायचा नव्हता. एका बाईंनी दुपटं बाजूला करायला हात घातला. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी 'उनके हवाले कर दो, वो लोग संभाल लेते हैं' असा सल्ला दिला. त्यांना तृतीयपंथी समाज म्हणायचं होतं.

दवाखान्याची तऱ्हा वेगळी नव्हती. दुसऱ्याच दिवशी 'छोटंसं ऑपरेशन आहे, मुलगी करून टाकू, पुढे त्रास नको' असं सुचवलं गेलं. रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम तपासायला मात्र कुणी सांगितलं नाही. ते तिसऱ्या दिवशी सांगितलं गेलं, तेही दुसऱ्या डॉक्टरांनी. आणि हे सगळं चालू असताना बाळाच्या नानीने एकच वाक्य लावून धरलं होतं : 'अल्लाह का दिया है, पहले दूध पिलाओ.' त्या गर्दीत शास्त्राला धरून बोलणारी ती एकटी होती.

ते बाळ आज शाळेत जातं, चांगलं वाढतंय. ते मुलगा आहे की मुलगी, हे मी इथे लिहिणार नाही. वाचकाला ते कळण्याची गरज नाही, आणि हाच या लेखाचा मुद्दा आहे.

घाई कशाची हवी

एका गोष्टीची घाई खरोखर हवी. अशा बाळांमध्ये वारंवार आढळणारं एक कारण म्हणजे जन्मजात अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया, डॉक्टर ज्याला 'सीएएच' म्हणतात. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत एका विकराची कमतरता असते, त्यामुळे कॉर्टिसॉल तयार होत नाही आणि पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात. मुलीच्या गुणसूत्रांचं बाळ त्यामुळे बाहेरून मुलासारखं किंवा अधलंमधलं दिसू शकतं. पण खरा धोका दिसण्यात नाही. यातल्या बहुसंख्य बाळांच्या शरीरातून मीठ निघून जातं. पहिल्या एक ते तीन आठवड्यांत बाळ दूध घेईनासं होतं, उलट्या करतं, सुकत जातं आणि उपचार मिळाले नाहीत तर दगावतं. उपचार साधे आहेत. हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन या गोळ्या, सोबत मीठ, आणि आयुष्यभर देखरेख.

आयसीएमआरने मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी केली, तेव्हा पावणेसहा हजारांत एक या प्रमाणात हा आजार आढळला. तो आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतो आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असते. म्हणून चुलत-मामेभावंडांत लग्नं होणाऱ्या घरांनी हे जास्त गांभीर्याने घ्यायला हवं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. मामेबहीण-आतेभावाचं लग्न महाराष्ट्रात अनेक हिंदू जातींतही होतं. जनुकाला जमात कळत नाही.

म्हणजे पहिल्या आठवड्यात लाजेपायी दार लावून बसणं किंवा बाबाकडे ताईत बांधायला जाणं, यातला प्रत्येक दिवस बाळाच्या जिवावर बेतू शकतो. लोक काय म्हणतील याची घाई आपण करतो. मिठाची घाई करत नाही.

आपल्या समाजासाठी आणखी एक सूचना अगदी ठळकपणे द्यायला हवी. शिश्नाचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर त्याला हायपोस्पेडियस म्हणतात. सुमारे अडीचशे-तीनशे मुलग्यांत एकाला ते असतं. अशा बाळाचा खतना करू नका. पुढे दुरुस्तीची शस्त्रक्रिया करायची ठरली तर तीच त्वचा कामाला येते. आणि बाळ मुलासारखं दिसत असूनही दोन्ही अंडकोश हाताला लागत नसतील, तर तपासण्या पूर्ण होईपर्यंत खतन्याचा विषयसुद्धा काढू नका. ते बाळ सीएएच असलेली मुलगी असू शकतं. खतना करणाऱ्या प्रत्येकाला, तो डॉक्टर असो वा परंपरेने ते काम करणारा, एवढं माहीत असलंच पाहिजे. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा लागतात, तिथे या दोन ओळी लावायला काय हरकत आहे?

घाई कशाची नको

दुसरी घाई चाकूची. लघवीची वाट अडली आहे, संसर्ग होतो आहे, जिवाला धोका आहे, अशा वेळी शस्त्रक्रिया जरूर करावी. पण केवळ बाळ 'नीट दिसावं' म्हणून त्याच्या जननेंद्रियांवर केलेली शस्त्रक्रिया कुणाच्या सोयीसाठी असते? दुपटं बदलणाऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या. बाळाला त्याची काही घाई नसते.

'आत्ताच ठरवलं नाही तर शाळेत चिडवतील' असं म्हणतात. हा आक्षेप खोटा नाही, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. तपासण्या झाल्यावर बालरोग, संप्रेरक आणि शस्त्रक्रिया अशा सगळ्या तज्ज्ञांनी मिळून आईबापांना सांगावं की या बाळाला मुलगा म्हणून वाढवणं योग्य दिसतं की मुलगी म्हणून. तसं नाव ठेवा, तसे कपडे घाला, शाळेत घाला. यातलं काहीही चाकूशिवाय होतं. नाव बदलता येतं, कपडे बदलता येतात, दाखला दुरुस्त करता येतो. कापलेली संवेदना परत येत नाही आणि काढलेली ग्रंथी परत बसत नाही.

लहानपणीच ठरवून टाकलं की मूल तसंच घडतं, हा भ्रम अमेरिकेतल्या जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने पसरवला. त्याचा गाजवलेला दाखला होता कॅनडातला डेव्हिड रायमर. हा मुलगा आंतरलिंगी नव्हता. १९६६ मध्ये, काही महिन्यांचा असताना, सुंता करताना झालेल्या अपघातात त्याचं शिश्न गेलं आणि मनीच्या सल्ल्याने त्याला शस्त्रक्रिया करून मुलगी म्हणून वाढवलं गेलं. प्रयोग यशस्वी झाल्याचं जगाला सांगितलं गेलं. तो मुलगा मात्र ते कधीच मानू शकला नाही. किशोरवयात तो पुन्हा मुलगा म्हणून जगू लागला आणि २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली.

आपल्याकडचं उदाहरण बीड जिल्ह्यातलं आहे. माजलगाव तालुक्यात १९८८ साली जन्मलेलं बाळ मुलगी समजून वाढवलं गेलं, ललिता साळवे या नावाने महिला पोलीस शिपाई झालं. पुढे तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं. शस्त्रक्रियेसाठी सुट्टी मागितली तर खात्याने नाकारली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, मग शासनाने परवानगी दिली आणि २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे यांचं २०२० मध्ये लग्न झालं, २०२४ मध्ये ते बाप झाले. जन्माच्या वेळी डोळ्यांनी लावलेला अंदाज चुकू शकतो, हे यातून दिसतं. आणि समजा, तान्हेपणीच कुणी 'मुलगी करून टाकू' म्हणत चाकू चालवला असता तर? त्या माणसाला हे आयुष्य कुणी परत दिलं असतं?

मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये नेमका हाच मुद्दा धरला. आईबापांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे, असं सांगून आंतरलिंगी बाळांवरच्या अशा शस्त्रक्रिया थांबवण्याचे निर्देश न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारने तसा आदेश काढला, जीव धोक्यात असण्याचा अपवाद ठेवून. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. माल्टाने हे २०१५ मध्ये केलं, जर्मनीने २०२१ मध्ये. फुले-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने मागे राहण्याचं कारण काय?

रकाना आणि लाल चांदणी

मी सॉफ्टवेअर लिहितो. फॉर्ममध्ये एखादा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येऊ नये असं वाटलं की आम्ही त्यापुढे लाल चांदणी लावतो. आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात : माहिती नसेल तर जागा रिकामी ठेवा, पण खोटी माहिती भरू नका. रिकामी जागा नंतर भरता येते. खोटी माहिती खरी समजून पुढचे दहा निर्णय होतात. वर सांगितलेल्या दवाखान्याच्या संगणकावर मुलगा आणि मुलगी अशी दोनच बटणं होती आणि त्यातलं एक दाबल्याशिवाय घरी सोडण्याचा कागद छापला जात नव्हता. हे यंत्राचं काम नाही. कुणीतरी बसून तसं लिहिलंय, आणि कुणीतरी बसून ते दुरुस्त करू शकतं.

कायद्यात आईबापांना थोडी जागा आहे, ती वापरा. जन्माची नोंद करायला २१ दिवसांची मुदत असते, पहिल्याच दिवशी रुग्णालयाने ती उरकून टाकावी अशी सक्ती नसते. नाव न घालता नोंद होते आणि एक वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. नोंद चुकीची ठरली तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ नुसार दुरुस्ती होते. आणि बाळ 'त्यांच्या हवाली' करायला सांगणाऱ्यांना हे सांगा : २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती संरक्षण कायद्याच्या व्याख्येत आंतरलिंगी व्यक्ती येतात आणि त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की केवळ या कारणाने मुलाला आईबापांपासून तोडता येणार नाही, न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय. तृतीयपंथी समाजाने टाकलेल्या मुलांना सांभाळलं, हे त्यांचे उपकार आहेत. मूल टाकणाऱ्यांना त्याची ढाल करता येणार नाही.

'हे पाश्चात्त्य खूळ आहे'

असं म्हणणारेही भेटतात, बहुतेक वेळा धर्माचं नाव घेऊन. त्यांनी आपलीच पुस्तकं उघडावीत. फिक्हमध्ये अशा व्यक्तीला 'खुन्सा' म्हणतात आणि जिच्याबाबत निर्णय होत नाही तिला 'खुन्सा मुश्किल'. बाराव्या शतकातल्या मर्गिनानी यांच्या 'हिदाया'त शेवटचं प्रकरण याच विषयावर आहे. नमाजच्या रांगेत उभं कुठे राहायचं, कफन कसं, वारसा किती, याची चर्चा फकीहांनी शतकानुशतकं केली. म्हणजे 'कळत नाही' ही अवस्था असू शकते, हे त्यांना मान्य होतं. शाफई पंथाने तर वारशाचा वादातला हिस्सा खुलासा होईपर्यंत राखून ठेवायला सांगितलं. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे फकीह थांबायला तयार होते, आजचा मोहल्ला एक आठवडा थांबत नाही.

पण मी त्या ग्रंथांची वकिली करायला बसलेलो नाही. अबू हनीफांच्या मते अशा वारसाला दोन हिश्श्यांपैकी जो कमी, तो द्यायचा. शंका आली की फायदा त्याला नाही, बाकीच्यांना. हा न्याय मला मान्य नाही. आणि मुळात हा प्रश्न पडतो तो का? मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, म्हणून. मुलग्यासाठी अकीक्याला दोन बकरे आणि मुलीसाठी एक, म्हणून. शेजारच्या आळीत मुलग्याचे पेढे आणि मुलीची जिलेबी, म्हणून. मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा असता, मिठाई सारखी असती, तर 'काय झालं?' या प्रश्नाला एवढी धार राहिली नसती. आपली चळवळ वारशात समान वाटा मागते तेव्हा तो फक्त लेकींसाठी असतो असं नाही. या बाळांसाठीही असतो.

बाळाच्या कानात अज़ान देताना मुलगा की मुलगी विचारलं जात नाही. तिथून सुरुवात करायला हरकत नाही. नावाचीही अडचण नाही. नूर, शमीम, नसीम, मुमताज, इक्बाल ही नावं आपल्याकडे दोघांनाही ठेवली जातात. सातव्या दिवशी नाव ठेवायचंच असेल तर यातलं एक ठेवा. आणि नाशिकच्या आपल्या घरांत एक सोय फुकट पडून आहे, ती मराठीची. उर्दूत 'रो रहा है' की 'रो रही है' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मराठीत 'बाळ रडतंय' म्हणता येतं. ते बाळ, ते लेकरू. आपण दोन्ही भाषा बोलणारी माणसं आहोत. अशा घरात गेलात तर तेवढा आठवडा मराठीत बोला.

मग करायचं काय?

आईबापांनी नातेवाइकांना एवढंच सांगावं : 'बाळ आणि आई दोघं ठीक आहेत. काही तपासण्या चालू आहेत. नाव ठरलं की कळवू.' यात खोटं काही नाही आणि यापुढे सांगण्याचं बंधनही नाही. बाळाची गोष्ट खाजगी ठेवणं वेगळं आणि ती शरमेची मानणं वेगळं. पुढे मूल मोठं होईल तेव्हा त्याच्या वयाला समजेल तसं खरं सांगावं. स्वतःच्या शरीराची गोष्ट त्याला कपाटातल्या फायलीतून कळू नये.

नातेवाइकांनी पहिल्यांदा आईची तब्येत विचारावी, डबा न्यावा आणि दुपट्याला हात लावू नये. डॉक्टर आणि सिस्टरने ही बातमी आई आणि बाप दोघांना एकत्र, दार लावून, बसून सांगावी. 'कळत नाही' म्हणण्यापेक्षा 'तपासून सांगतो' म्हणावं. विद्यार्थ्यांचा घोळका जमवून बाळ उघडं करू नये. मौलानांनी नाव ठेवावं, दुआ करावी आणि हा विषय जुम्याच्या बयानात एकदा तरी घ्यावा.

शासनाकडे मागण्या तीन. एक, तमिळनाडूप्रमाणे महाराष्ट्राने बाळांवरच्या अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवणारा आदेश काढावा. दोन, लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या आजारांच्या यादीत दुभंगलेले ओठ आहेत, वाकडे पाय आहेत, ही बाळं नाहीत. त्यांना आणि सीएएचच्या तपासणीला त्यात जागा द्यावी. तीन, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात, दिंडोरी रस्त्यावर आहे. राज्यभरचे डॉक्टर आणि परिचारिका त्याच्या पदव्या घेऊन बाहेर पडतात. पहिल्या दोन दिवसांत आईबापांशी काय बोलायचं आणि कोणती तपासणी आधी करायची, हे त्यांच्या परीक्षेत विचारलं जावं. या तिसऱ्या मागणीचं निवेदन द्यायला मुंबईला जावं लागत नाही. द्वारकेवरून रिक्षा मिळते.

गरोदरपणात लिंग सांगायला बंदी करणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. नऊ महिने न विचारता राहणं आपल्याला कायद्याने शिकवलं. पुढचे तीन आठवडे न विचारता राहायला कायदा लागू नये, एवढी अपेक्षा आहे.